डी५३०० नंतर काय? नान्नजचा माळ, होटगीचं पाणी आणि गड्डा

माळावरचा

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय.

माझ्याकडे निकॉन डी५३०० आहे. सोबत किटातली १८-१४०, नंतर घेतलेली ७०-३०० एएफ-पी डीएक्स (व्हीआरवाली) आणि मोठ्या भावाकडून आलेली जुनी ५० एफ १.८ डी. या शेवटच्या लेन्सला डी५३०० वर ऑटोफोकस नाही, कारण बॉडीत मोटर नाही. रिंग हातानेच फिरवतो.

फोटो कशाचे, तर हिवाळ्यात सोलापूरजवळचा नान्नजचा माळ: भोवत्या, कापशी, धाविक, चंडोल हे पक्षी, शिवाय काळवीट. एरवी होटगी नाहीतर हिप्परगा तलाव. जानेवारीत गड्डा (आमची सिद्धेश्वराची यात्रा), नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचं दारूकाम. नोकरी सांभाळून रविवार सकाळचा धंदा, तोही मोटारसायकलवर, त्यामुळे वजनाचा विचार करावा लागतो.

तक्रार अशी: भोवत्या डोक्यावरून गेला की धडाधड शटर दाबतो, घरी येऊन बघावं तर एकही धारदार नाही. गवतातल्या चंडोलाच्या मागची काडी सुंदर फोकसमध्ये, चंडोल नाही. पक्षी सूर मारतो नेमका तेव्हा बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत साठवायची जागा) भरलेला असतो. आणि संध्याकाळी आयएसओ ३२०० च्या पुढे गेलं की पिसं पिसं राहत नाहीत.

बजेट ओढूनताणून ९० हजार. डोक्यात तीन नावं आहेत: डी७५००, सेकंडहँड डी५००, नाहीतर मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) झेड५० ची दुसरी आवृत्ती (पुढे झेड५०-२ लिहितो). तिन्हींत २०.९ मेगापिक्सेल. म्हणजे २४ वरून खाली यायचं का, हीपण शंका आहे.

घरचं मत, आधी फ्रीज बदला. त्यावर इथे चर्चा नको.

नवीपेठकर

धाग्यात स्वागत. मेगापिक्सेलचं आधी मिटवून टाकू. डी५३०० ची फाइल ६००० बाय ४०००, या तिन्हींची ५५६८ बाय ३७१२. रुंदीत जेमतेम सात टक्क्यांचा फरक. भिंतीएवढी प्रिंट काढून दोन्ही शेजारी लावल्या तरी तुमच्या घरात कोणाला ओळखू येणार नाही.

दुसरं. मी लग्नाची कामं करतो, पक्ष्यांतलं मला फार कळत नाही. पण आमच्या धंद्यात सांगतात ते सांगतो: पैसे आधी काचेत घाला. ७०-३०० वर बॉडी कितीही भारी लावा, लांबच्या टोकाला तिचं तोंड एफ ६.३ एवढंच उघडणार.

पाणकावळा

+१, पण अर्धाच.

३०० वरून ५०० ला गेलं की पक्षी चौकटीत पावणेतीनपट जागा घेतो. हा फायदा कुठलीच बॉडी देत नाही. पण माळावरचे भाऊ म्हणतायत तो रोग काचेचा आहे की फोकसचा, हे नुसतं ऐकून सांगता येणार नाही. म्हणून खरेदीआधी एक काम करा.

मागच्या हिवाळ्यातले बाद फोटो डिलीट केले नसतील तर उघडा आणि शंभर टक्क्यांवर मोठे करून बघा.

पक्ष्याच्या मागची किंवा पुढची काडी, ढेकूळ धारदार असेल तर फोकस चुकला. सगळी चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी असेल तर हात हलला. डोळा धारदार पण पंखाची टोकं पुसलेली असतील तर शटर कमी पडलं. उडत्या भोवत्याला मी १/२००० च्या खाली जात नाही, कापशी एका जागी फडफडत असेल तर १/२५०० सुद्धा. आणि चौथा प्रकार: काहीच धारदार नाही, काहीच ओढलेलं नाही, पण कडा वितळल्यासारख्या, गवताच्या काड्या नागमोडी. ती झळ. त्यावर जगातल्या कुठल्याही कंपनीची बॉडी औषध नाही.

आपल्याकडे हा चौथा प्रकार लोक धरतच नाहीत. सोलापूरचं ऊन काही नवीन सांगायला नको. डिसेंबरातसुद्धा माळ तापायला लागला की जमिनीलगतची हवा नाचायला लागते, आणि आपण नेमके जमिनीलगत बसून दीडशे मीटरवरचं काळवीट टिपतो. मग घरी येऊन लेन्सला शिव्या. गाडीतून फोटो काढणाऱ्यांना आणखी एक सांगतो: काच खाली केल्या केल्या काढू नका. आतली आणि बाहेरची हवा वेगळ्या तापमानाची असते, ती खिडकीतच मिसळत असते. जरा थांबा. बॉनेटवरून तर काढूच नका.

कडक_भाकरी

काय बे पाणकावळ्या, इतकं सांगितलंस, आता आमची अर्धी हार्डडिस्क डिलीट करायला लागणार की.

माळावरचा

पाणकावळासाहेब, रात्री बसून बघितलं. डिलीट करायची सवय नाही, त्यामुळे भरपूर माल होता.

लांबची काळवीटं जवळजवळ सगळी झळेत गेलेली. त्यातली बरीच उशिरा काढलेली, वेळ फाइलमध्ये दिसतेच. जवळचे उडते पक्षी मात्र फोकसमध्ये गेलेत: पक्षी आकाशात असताना ठीक, खाली येऊन गवत मागे आलं की फोकस गवतावर उडी मारतो. पंख पुसलेले थोडे आहेत, ते शटर वाढवून सुटतील. आणि बफरचं रडगाणं खरंच आहे, रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) पाच-सहा फोटो झाले की कॅमेरा धापा टाकतो.

म्हणजे लांबच्यासाठी लवकर जायचं, जवळच्यासाठी बॉडी. बरोबर?

पाणकावळा

बरोबर. आता बॉडीबद्दल बोलायला अर्थ आहे.

लेन्सवेडी

मी पाच-सहा महिन्यांपासून झेड५०-२ वापरतेय, त्याआधी डी७२०० होता. दोन्हीचा अनुभव लिहिते.

डी५३०० मध्ये ३९ फोकस पॉइंट आहेत, त्यातले फक्त मधले ९ क्रॉस टाइप. क्रॉस म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे. बाकीच्यांना एकाच दिशेची रेषा कळते. शिवाय सगळे पॉइंट चौकटीच्या मधल्या भागात. पक्षी कडेला सरकला की कॅमेरा आंधळा. डी७५०० ला ५१ पॉइंट, १५ क्रॉस. डी५०० ला १५३, त्यातले ९९ क्रॉस, आणि ते जवळजवळ या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेले. डी५०० चं नाव आहे ते यासाठी.

मिररलेसचं गणित निराळं. तिथे फोकससाठी वेगळा सेन्सर नसतो, मुख्य सेन्सरच बघतो. त्यामुळे चौकटभर कुठेही पकडतो, आणि एएफ फाइन ट्यूनची (फोकस पुढेमागे पडला तर जुळवून घ्यायची) भानगड उरत नाही. झेड५०-२ मध्ये झेड८, झेड९ मधलाच एक्स्पीड ७ प्रोसेसर आहे, पक्षी ओळखायची वेगळी सेटिंग आहे. आकाशात किंवा पाण्यावर असलेला पक्षी पकडला की सोडत नाही. होटगीला नदी सुरय सूर मारताना मी नुसती कॅमेरा फिरवत राहते, डोळ्यावरचा चौकोन आपला आपण चिकटून राहतो.

पण दादा, गवताचं वचन मी देणार नाही. चंडोल सुक्या गवतात दबून बसला असेल तर यालाही आधी काडीच दिसते. त्यासाठी मी एका बटणावर लहान चौकोनाचा एरिया ठेवलाय. आधी त्याने चंडोल पकडायचा, मग ओळख चालू. नुसती पक्षी-सेटिंग लावून निर्धास्त बसलं की फसणार.

रिटायर्ड_मास्तर

माळावरचे, माझं ऐका आणि डी५०० घ्या. २०१६ चा कॅमेरा आहे, आजही हातात घेतला की दुसरं काही घ्यावंसं वाटत नाही. सेकंदाला १० फोटो, रॉमध्ये २०० पर्यंत बफर. तुमचा धापा टाकण्याचा प्रश्न कायमचा मिटला. बॅटरी कंपनीच्या मापाने १२४० फोटो. झेड५०-२ ची त्याच मापाने अडीचशेच्या आतबाहेर. नान्नजच्या माळावर प्लग कुठे शोधणार?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भिंगातून थेट पक्षी दिसतो. मिररलेसच्या आत छोटा पडदाच असतो. टीव्ही बघायचा असता तर घरी सोफ्यावर बसलो असतो.

तुमची ५० डी पण यावर फोकस होईल, बॉडीत मोटर आहे. डी७५०० मध्येही आहे. मिररलेसला एफटीझेड अडॅप्टर (जुन्या निकॉन लेन्स बसवायचा जोड) लावलात तर ७०-३०० आणि १८-१४० चालतील, पण ५० डी परत हातानेच. त्या अडॅप्टरात स्क्रू फिरवणारी मोटर नाही.

पुणेरी_फोकस

मास्तर, आदर ठेवून लिहितो, पण डीएसएलआर, म्हणजे आरसेवाले कॅमेरे, संपलेत. २०२५-२६ मध्ये नवा पैसा जुन्या माउंटमध्ये (लेन्स बसायच्या खाचेत) कोण घालतं? निकॉननेच २०१८ पासून सगळं बळ झेडवर लावलंय. आणि ९० हजारांतच बसायचं असेल तर कॅनन आर१० का नाही? मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५. थोडं वाढवलंत तर आर७, ३२.५ मेगापिक्सेल, बॉडीतच स्टॅबिलायझेशन. आरएफ १००-४०० चं वजन फक्त ६३५ ग्रॅम. मोटारसायकलवाल्याला आणखी काय हवं?

रिटायर्ड_मास्तर

एफ माउंट १९५९ पासून आहे. १९५९ नंतर काय काय संपलं त्याची यादी करायला बसलो तर धागा वाहून जाईल. संपला म्हणजे नवीन निघत नाही, एवढंच. माझा कॅमेरा आज सकाळी चालू होता.

नवीपेठकर

पुणेरी, आर१० मध्ये चूक काही नाही. पण यांच्या तिन्ही लेन्स निकॉनच्या. कॅननला गेले की ९० हजारांत बॉडीही घ्यायची आणि लेन्सही नव्याने घ्यायच्या. जुन्या विकून किटाच्या १८-१४० ला कोण काय देतो, ते बाजारात विचारून बघा. डोळ्यात पाणी येईल. कोरी पाटी असलेल्याला आर१० मी स्वतः सुचवतो. यांना नाही.

आर७ बद्दल एक ऐकून ठेवा, आमच्यातल्या एकाकडे आहे. ३० फोटोंचा इलेक्ट्रॉनिक शटर लावून पाकोळ्यांचे फोटो काढले तर पंख केळीच्या पानासारखे वाकडे येतात. सेन्सर वरून खाली वाचायला वेळ घेतो, तोवर पंख सरकलेला असतो. मेकॅनिकलवर ठेवला की झकास आहे.

लेन्सवेडी

तेच झेड५०-२ लाही लागू. त्यात ३० फोटोंचा एक मोड आहे, बटण दाबायच्या आधीचे क्षणही साठवतो, पण फक्त जेपेगमध्ये आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर. बसलेला पक्षी उडतानाचा क्षण धरायला मजा येते. जोरात फडफडणाऱ्या कापशीला नको. मेकॅनिकलवर ११ मिळतात, मला पुरतात.

बाराबंदी

तुम्ही सगळे पक्ष्यांच्याच मागे. गड्ड्याचं कोण बोलणार?

मी दरवर्षी नंदीध्वजांची मिरवणूक काढतो, तिथली अडचण फोकसची नाहीच. हिरेहब्बू वाड्यापासून निघताना गल्लीत सावली, समोर चौकात ऊन, आणि मधे शेकडो माणसं पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत. कॅमेरा सावलीला भुलला की बाराबंदीच्या चुण्या, बंदांच्या गाठी सगळं पांढऱ्यात उडून जातं. रॉ असली तरी उडालेलं पांढरं परत येत नाही. पांढऱ्याला भुलला तर चेहरे काळे. डी५३०० च्या मीटरला हे झेपत नाही, हाताने उणे-अधिक करत बसावं लागतं, आणि तोवर नंदीध्वज पुढे गेलेला असतो.

डी७५००, डी५०० आणि झेड५०-२ या तिन्हींत हायलाइट-वेटेड मीटरिंग आहे. सर्वात उजळ भाग जपतं. बाराबंदीसाठीच काढलंय असं वाटावं. सावलीतले चेहरे नंतर संगणकावर उचलायचे, या सेन्सरांमध्ये तेवढा वाव आहे. मिररलेसमध्ये तर डोळा लावला की उजेड कसा येणार ते आधीच दिसतं, हिस्टोग्रामसकट.

मात्र गड्ड्यावर रात्री पाळण्यांचे फोटो काढताना सायलेंट मोड बंद ठेवा. एलईडी दिव्यांत इलेक्ट्रॉनिक शटरने चौकटीत आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर, १/१०० किंवा १/५०, नीट येतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्याचा हा हिशेब.

दारूकामाला बॉडी बदलायची अजिबात गरज नाही. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ ते ११, बल्ब मोड, रिमोट. डी५३०० ने काढलेला आणि डी५०० ने काढलेला ओळखून दाखवा, जेवण माझ्याकडून.

कडक_भाकरी

जेवणात शेंगा चटणी असेल तर मी ओळखायला तयार आहे.

पाणकावळा

डी७५०० वर कोणीच बोलेना, म्हणून मी. चांगला कॅमेरा आहे. सेकंदाला ८ फोटो, रॉमध्ये ५० चा बफर, धूळ-शिंतोडे अडवणारं अंग, हलका. कार्ड एकच, पण छंदाला दोन कशाला. नवा मिळाला आणि वॉरंटीसकट मिळाला तर वाईट नाही. पण आज डी५०० सेकंडहँडमध्ये त्याच्याच आसपास मिळत असताना डी७५०० घ्यावा असं मला वाटत नाही. मधला रस्ता आहे, आणि तुम्हाला मधलं काही नको दिसतंय.

रिटायर्ड_मास्तर

शेवटी आलात वळणावर. आता सेकंडहँड घेताना काय बघायचं ते सविस्तर लिहितो.

शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, विचारू नका, स्वतः बघा. निकॉनच्या फाइलमध्येच तो आकडा लिहिलेला असतो. समोर एक फोटो काढायचा, कार्ड आपल्या लॅपटॉपला लावायचं, एक्झिफ (फाइलमध्ये लपलेली माहिती) वाचायचा. डी५०० चं शटर २ लाखांच्या कसोटीवर उतरवलेलं आहे, त्यामुळे ५०-६० हजारांवर चाललेला असला तरी घाबरू नका. लग्नवाल्याकडचा असेल तर मात्र आकडा आणि चेहरा दोन्ही बघा. (नवीपेठकर, राग मानू नका.) कॅननच्या बहुतेक बॉडींत हा आकडा फाइलमध्ये येत नाही, हे पुणेरींनी लक्षात ठेवावं.

मग एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो. सेन्सरवरची धूळ, डाग लगेच दिसतात. धूळ निघते, ओरखडा निघत नाही. लेन्सची टोपी लावून काही सेकंदांचा काळा फोटो काढा, पेटलेले ठिपके मोजा. दोन्ही कार्डांच्या खाचा तपासा. डी५०० ला एक एक्सक्यूडी आणि एक एसडी. एक्सक्यूडी कार्ड महाग, मालक सोबत देत असेल तर ते किमतीत धरा. नाही दिलं तर चांगल्या वेगाच्या एसडीवरही काम भागतं.

आणि तुमची ५० डी सोबत न्या. ती लावून फोकस करून बघितलं की बॉडीतली मोटर जिवंत आहे की नाही ते तिथल्या तिथे कळतं. स्वतःची मोटर असलेली नवी एएफ-एस लेन्स लावून बघणाऱ्याला ही मोटर मेलेली असली तरी पत्ता लागत नाही.

पकडीचं रबर सैल झालंय का, बॅटरीचं झाकण, फ्लॅशची खाच. आणि बिल. बिल नसेल तर पुढे जाऊच नका, मग किंमत काहीही असो.

अजून_एक_सोलापुरी

मास्तरांच्या शटर काउंटच्या मुद्द्याला जोर देतो. बाहेरगावच्या एका विक्रेत्याने मला २० हजार सांगितला, फाइलमध्ये निघाला ९० हजारांच्या वर. विचारलं तर म्हणे, "आधीच्या मालकाने तेवढंच सांगितलं होतं." गाडी पकडून हात हलवत परत आलो.

बुरशीची मात्र आपल्याकडे फार चिंता नको. कोरडी हवा हा सोलापूरचा एकमेव फोटोग्राफिक फायदा. कोकणातून आलेली लेन्स असेल तर टॉर्च मारून बघा. आपल्याकडचा शत्रू धूळ. मिररलेसवाल्यांनी माळावर वाऱ्यात लेन्स बदलू नये, समोर आरसा नसतो, सेन्सर थेट तोंडावर.

माळावरचा

एवढं कोणी घरच्या माणसाला पण सांगत नाही हो. आभार.

मास्तर आणि लेन्सवेडीताईंनी कृपा करून दोन्ही कॅमेरे हाताळायला दिले. हिप्परग्याला भेटलो. माझीच ७०-३०० आधी डी५०० वर, मग अडॅप्टरने झेड५०-२ वर लावली.

डी५०० हातात घेतल्यावर मास्तर काय म्हणतात ते कळलं. बटण दाबायचा अवकाश, फोटो झालेला असतो. वारकरी पक्ष्यांचा थवा पाण्यावरून धावत उडाला, बोट उचललंच नाही मी, आणि कॅमेरा कुठे थांबला नाही. कडेचे पॉइंटसुद्धा नीट पकडतात. वजन मात्र जाणवलं, जेवणाचा डबा काढून ठेवावा लागेल.

झेड५०-२ हातात असताना एक कवड्या धीवर पाण्यावर एका जागी थरथरत होता. डोळ्यावर चौकोन आला आणि तो सूर मारेपर्यंत तिथेच राहिला. मला काही करावं लागलं नाही, हे जरा विचित्रही वाटलं.

पण माझा निर्णय फिरला तो वेगळ्याच कारणाने. मला जवळचं वाचायला चष्मा लागतो. डी५३०० वर फोटो काढला की कॅमेरा खाली, खिशातून चष्मा बाहेर, पडद्यावर उन्हाची चकाकी, हाताचा आडोसा, मग कुठे कळणार की फोकस होता की नव्हता. तोवर पक्षी मोहोळ गावाला पोचलेला. डी५०० वरही हेच. झेड५०-२ वर काढलेला फोटो डोळा न काढता त्याच खिडकीत (व्ह्यूफाइंडरमध्ये) दिसतो, मोठा करून बघता येतो. खिडकीचा नंबर एकदा माझ्या डोळ्याला जुळवून घेतला की चष्मा खिशातच. मेन्यूसुद्धा आतच वाचता येतो.

हे कुठल्या परीक्षणात वाचलं नव्हतं, कारण परीक्षणं करणारी सगळी पोरं पंचविशीतली.

रिटायर्ड_मास्तर

माझं वय ६७. मी फोटो घरी जाऊन बघतो.

पण मुद्दा मान्य आहे. घ्या तुमचा टीव्ही. बॅटऱ्या दोन जास्तीच्या घ्या म्हणजे झालं.

लेन्सवेडी

मास्तर 😀

बॅटरीचं इतकं भय नको. अडीचशेचा आकडा थांबत थांबत एकेक फोटो काढण्याचा आहे. धडाधड काढताना बरेच जास्त निघतात. मी एक जास्तीची ठेवते, शिवाय टाइप-सी आहे, चहाला थांबलं की पॉवर बँकेवर लावायचा. थांबल्यावर खिडकीचा सेन्सर उगाच चालू राहू नये म्हणून कॅमेरा बंद करायची सवय लावा. गळ्यात लटकताना पोट समोर आलं की खिडकी पेटते आणि बॅटरी खाते.

पुणेरी_फोकस

म्हणजे शेवटी मिररलेसच. मी आधीच म्हटलं होतं.

कडक_भाकरी

तुम्ही कॅनन म्हटलं होतं ओ.

नवीपेठकर

आता पैशाचं बघू. माळावरचे, नुसती बॉडी घ्या, दोन लेन्सचं किट नको. किटात १६-५० आणि ५०-२५० येतात. ५०-२५० हलकी आहे, वाईट नाही, पण तुमच्याकडे ३०० आहेच. वाचलेल्या पैशात अडॅप्टर, बॅटरी आणि एक बऱ्या वेगाचं कार्ड. भारतातली वॉरंटी असलेलाच घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घ्या. चार-पाच हजार कमी सांगणारा बहुतेक वेळा बाहेरून आलेला माल देतो आणि सर्व्हिस सेंटरला गेल्यावर ते कळतं.

पुढच्या वर्षी फ्रीज झाला की २००-५०० एफ ५.६ सेकंडहँड बघा. तीही याच अडॅप्टरवर फोकस होते. सव्वादोन किलोच्या वर आहे, मोनोपॉड लागेल, आणि हलक्या बॉडीवर सगळा तोल पुढे जातो. डावा हात लेन्सखालीच ठेवायचा.

पाणकावळा

आणि सकाळी लवकर निघा. नवा कॅमेरा घेऊन साडेनवाला माळावर पोचलात तर परत इथेच येऊन धागा काढाल.

नान्नजला आत शिरायचं तर वनखात्याला विचारून, आणि लांडगा दिसला की मोटारसायकल मागे घालू नका. मागच्या हिवाळ्यात काही जणांनी ते केलं, आता चौकशी जरा जास्तच होते.

माळावरचा

नोंद घेतली. झेड५०-२ नक्की. पार्क चौकात विचारून आलो, बॉडी मागवावी लागेल म्हणाले.

शेवटचा प्रश्न: एफटीझेड अडॅप्टर पहिला घ्यावा की दुसरा? एक जण जुना पहिला बऱ्याच स्वस्तात देतोय.

लेन्सवेडी

दोन्हींत फोकसचा फरक नाही. पहिल्याला खाली ट्रायपॉडचा पाय आहे, दुसऱ्याला नाही. झेड५०-२ ची उंची कमी, त्यामुळे तो पाय खाली लोंबतो, बोटांना लागतो आणि टेबलावर कॅमेरा तिरका बसतो. एवढं चालणार असेल तर जुनाच घ्या. फक्त लावून बघताना लेन्स हलकेच हलवा, खुळखुळ वाटली तर सोडून द्या.

अजून_एक_सोलापुरी

डी५३०० विकणार असाल तर आधी मला सांगा. भाचीला कॉलेजसाठी हवाय. १८-१४० सकट.

माळावरचा

१८-१४० सकट देतो. ५० डी राहू दे माझ्याकडे, भाऊ विचारेल. शटर काउंट फाइल काढून पाठवतो, मास्तरांसमोर उघडा.